सात माणसांचा गाळा आणि अडकलेलं बिल

आमचा गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटला. एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आमचं वागळे. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा हिशोबाच्या पैशातून त्यांनी एक जुनं लेथ घेतलं, आज आम्ही सात जण आहोत.

लोक म्हणतात सात माणसांच्या धंद्याने काय होतंय, मोठी कंपनी आली पाहिजे. मला नाही पटत. एक पार्ट आमच्याकडे टर्न होतो, प्लेटिंगला रबाळ्याला जातो, टेम्पो किसननगरचा, पोरांचे डबे लोकमान्यनगरच्या एका ताईंकडून येतात आणि त्यांनी त्याच जोरावर हाताखाली दोन बायका ठेवल्यात. माझं एक बिल सुटलं की ते पैसे पाच-सहा घरांत फिरतात, बहुतेक इथेच.

पण ते वेळेवर सुटलं तर ना! गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने आमचं बिल पाच महिने अडकवलं, जीएसटी मात्र मी भरून बसलेलो कारण बिल फाडलं की तो भरावाच लागतो, मग मी प्लेटिंगवाल्याला थांबवलं, त्याने त्याच्या केमिकलवाल्याला, आणि दिवाळीत आमच्या टर्नर काकांना बोनस अर्धाच देता आला. ते काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कायदा आहे हो. २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा. पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मागणार कोण? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. म्हणून मला इन्कम टॅक्स कायद्यातलं ४३ बी एच हे कलम जास्त कामाचं वाटतं, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं. मायक्रो-स्मॉल युनिटचं पेमेंट मुदतीत केलं नाही तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी उत्पन्नातून वजा मिळतो, तोवर टॅक्स जास्त बसतो. म्हणजे मला भांडावंच लागत नाही, त्यांचाच सीए त्यांच्या मागे लागतो. यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा समोरून फोन आला, तुमचा उद्यम नंबर (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) पाठवा म्हणून!

तर गाळेवाल्यांनो, उद्यम रजिस्ट्रेशन करा, फुकट आहे, आणि नंबर बिलावरच छापा (नुसतं ट्रेडिंग असेल तर हे कलम लागत नाही). आणि परचेस, अकाउंट्समधले बरेच मित्र इथे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, टेबलावरचं छोटं बिल आधी सोडा.