बिल वेळेत भरलं, पूर्ण भरलं, तरी स्कोर पडतोच कसा?

डोकं फिरलंय आज. क्रेडिट कार्डचं बिल एक रुपया बाकी न ठेवता ड्यू डेटच्या आत भरलेलं आहे, आयुष्यात कधी मिनिमम ड्यू भरून बाकी पुढे ढकललेली नाही, लेट फी कशी असते ते माहीत नाही, आणि तरी होम लोनवाला एजंट फोन करून सांगतो की मॅडम तुमचा सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोर, खाली आलाय, कार्डावर फार उधारी दिसतेय. कसली उधारी? खात्यात पैसे पडून होते माझ्या!

झालं काय ते नीट सांगते म्हणजे कळेल की संताप कशाचा आहे. आईचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेमचं कॅशलेस ऐनवेळी अडकलं, म्हणजे आधी आपण भरायचं मग फाइल लावून परत मागायचं. डिस्चार्जच्या काउंटरला ८६ हजार कार्डावर मारले. लिमिट १ लाख. माझं स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, १२ तारखेला बनतं, ड्यू डेट पुढच्या महिन्याची १ तारीख, आणि ऑटो पे 'फुल अमाउंट'वर लावलेला आहे, तो बरोब्बर ड्यू डेटलाच पैसे उचलतो. उचलले. सगळे ८६ हजार गेले, बिल शून्य. बँकेनं सांगितलं तस्संच केलं ना मी?

आता दुसरी बाजू बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या खात्याची माहिती क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे सगळ्यांच्या कर्जाची नोंद ठेवून स्कोर काढणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना, पाठवायची, १५ तारखेची स्थिती आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसाची स्थिती. म्हणजे माझ्या कार्डावर १५ तारखेला काय दिसलं? ८६ हजार. महिनाअखेरीला काय दिसलं? ८६ हजार. आणि पैसे गेले कधी? दुसऱ्याच दिवशी, १ तारखेला! एका दिवसानं मी कर्जात बुडालेली बाई ठरले. लिमिटच्या ८६ टक्के वापर, हाय युटिलायझेशन, रिस्की कस्टमर. एजंटनं रिपोर्ट काढला तेव्हा बिल भरून आठवडा उलटून गेला होता पण रिपोर्टात तोच जुना आकडा बसलेला, कारण पुढची स्थिती परत १५ तारखेची, आणि ती बँकेनं पाठवायला आणि ब्युरोनं चढवायला आणखी काही दिवस.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? ड्यू डेट चुकवणाऱ्याला सवलत आहे. नियमच आहे, ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेनं त्याला 'पास्ट ड्यू' म्हणून ब्युरोकडे कळवायचं नाही. चांगला नियम आहे, असायलाच हवा, कुणाची सुट्टी येते, कुणाचं पेमेंट ॲपमध्ये लटकतं. पण मग जो वेळेत भरतो त्याला एक दिवसाची पण सवलत नको का? त्याचा आकडा ड्यू डेटच्या आधीच उचलून पाठवून द्यायचा, आणि त्या आकड्यात उद्या पूर्ण बिल भरणारी मी आणि उद्या फक्त मिनिमम भरून बाकीच्यावर महिना साडेतीन टक्के व्याज चढवून घेणारा माणूस, दोघं सारखेच दिसणार. वाण्याकडे महिन्याचं खातं असतं, पगार झाला की आपण चुकतं करतो, तो वाणी पगाराच्या आदल्या दिवशी वही उघडून गल्लीभर सांगत फिरतो का की हिची एवढी उधारी थकलीये म्हणून?

बँकेला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात, 'मॅडम तुमचं पेमेंट ड्यू डेटच्या आत आलेलं आहे, आमच्याकडून काहीच इश्यू नाही, स्कोरसाठी ब्युरोशी बोला.' ब्युरोकडे तक्रार टाकली, तिथून उत्तर की बँकेनं दिलेली माहिती आम्ही दाखवतो, बदल हवा असेल तर बँकेशी बोला. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, तो मला माहीत आहे, पण तो चुकीच्या माहितीसाठी. माझी माहिती चुकीची नाहीच ना! त्या तारखेला ८६ हजार होतेच. म्हणजे आकडा खरा, बँक बरोबर, ब्युरो बरोबर, मी पण बरोबर, आणि भुर्दंड मात्र फक्त मला.

भुर्दंड किती ते पण ऐका, कारण लोकांना वाटतं स्कोर म्हणजे नुसता आकडा, ३०० ते ९०० मध्ये कुठंतरी, चालायचंच. चालायचंच नाही. आता बऱ्याच बँका होम लोनचा व्याजदर स्कोरच्या पट्ट्यावर ठरवतात. ४० लाखाचं लोन, २० वर्षं, दर साडेआठ ऐवजी पावणेनऊ झाला तर हप्ता महिन्याला साधारण ६३५ रुपयांनी वाढतो. २० वर्षांत दीड लाखाच्या वर! आईच्या ऑपरेशनचं बिल वेळेत भरल्याबद्दल दीड लाख?

एजंट म्हणतो थांबा मॅडम महिनाभर, स्कोर वर येईल. येईलच, मला पण माहितीये. पण बिल्डर थांबत नाही, त्याला या महिन्याच्या आत सँक्शन लेटर, म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र, हवंय.

वर सल्ले देणारे भरपूर. युटिलायझेशन ३० टक्क्यांच्या आत ठेवा. अरे मग १ लाख लिमिट असं सांगता कशाला, ३० हजार म्हणा ना सरळ. अजून एक कार्ड काढा म्हणजे एकूण लिमिट वाढेल, हो, आणि त्या अर्जाची एन्क्वायरी, म्हणजे बँकेनं माझा रिपोर्ट तपासल्याची नोंद, परत रिपोर्टात उमटणार. जुनं कार्ड बंद करू नका. स्टेटमेंट बनायच्या आधीच भरून टाका, हा तर सगळ्यांचा आवडता. मग ते '५० दिवस बिनव्याजी' जाहिरातीत एवढं मोठं कशाला छापता? त्या मुदतीवरच तर कार्ड विकता तुम्ही. मुदत वापरली की स्कोर खाली, नाही वापरली तर कार्ड घेतलं कशाला, डेबिट कार्ड काय वाईट होतं? आणि ज्याला स्टेटमेंट, ड्यू डेट, रिपोर्टिंग यातला फरक कुणी कधी सांगितलाच नाही त्यानं काय करायचं? माझा भाऊ बँकेत आहे म्हणून मला हे एवढं तरी कळलं. तो पण शांतपणे म्हणतो, 'ताई, सिस्टिम अशीच आहे.' अशीच आहे म्हणजे काय? माणसांनीच बनवलीये ना ती?

बिलावर बघा कधी नीट. रिवॉर्ड पॉइंट छापतात, ईएमआयमध्ये बदला म्हणून लाल चौकट छापतात, मिनिमम ड्यू ठळक अक्षरात छापतात. ब्युरोला कोणत्या तारखेचा आकडा जाणार ते मात्र कुठेच नाही, मागच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरात पण नाही. ज्या तारखेवर माझं घर अडतंय ती तारीख मला भावाकडून कळते!

मी आता दोन अर्ज टाकलेत. एक बिलिंग सायकल, म्हणजे बिल बनायची तारीख, बदलायचा, ते निदान एकदा बदलून द्यायलाच लागतं बँकेला, म्हणजे माझी ड्यू डेट महिनाअखेरीच्या आधी येईल. आणि दुसऱ्यात लेखी मागितलंय की माझं बिल पूर्ण भरलं गेल्याचं ब्युरोकडे कोणत्या तारखेला कळवणार ते सांगा, आणि लोन देणाऱ्या बँकेला दाखवायला बिल शून्य झाल्याचं पत्र सही-शिक्क्यासकट द्या. फोनवरचं गोड बोलणं नको, कागद द्या.