ग्रेन नव्हे, दिवा आणि दरवाजा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रात्रीच्या कृष्णधवल फोटोंसाठी फिल्म की डिजिटल, यावरच्या माझ्या लिखाणावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिजिटल कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या, रंग काढून टाका, वरून ग्रेन (फिल्मवर दिसतात तसे दाणे) टाका, फिल्म म्हणजे जुन्याचा हव्यास, आणि तुम्ही रात्री काढलेला रोल तर ‘राखाडी चिखल’ निघाला. ग्रेनपुरतं तुमचं बरोबर आहे. नुसत्या ग्रेनसाठी फिल्म घेणाऱ्याने पैसे वाचवावेत. पण माझा मुद्दा ग्रेनचा नव्हताच; चूक कुठल्या टोकाला माफ होते, उजेडाच्या की अंधाराच्या, याचा होता.

रात्रीची गल्ली घ्या. वर उघडा दिवा, खाली काळोखातला दरवाजा. सेन्सर दिव्यापाशी एकदा भरला की तिथे काहीच उरत नाही, पांढऱ्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. निगेटिव्हवर जादा प्रकाश पडला तरी घनता (तिचा काळेपणा) वाढत राहते, फक्त दमाने. म्हणून दिव्याचं वलय भिंतीत विरत जातं. सावलीत याच्या उलट. तिथे प्रकाश पोचलाच नसेल तर फिल्म कोरीच राहणार, मग डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवा. डिजिटलवर आपण हायलाइट (उजळ भाग) सांभाळून एक्स्पोजर कमी देतो. तीच सवय फिल्मवर नेली की निगेटिव्ह पातळ येते, आणि स्कॅनमध्ये ओढूनताणून उजळली की चिखल होतो. तुमचंही बहुधा हेच झालंय.

पुढच्या वेळी एचपी5 प्लस ही कृष्णधवल फिल्म 400 ऐवजी 200 आयएसओला धरा, म्हणजे तिला दुप्पट प्रकाश मिळेल. मीटर दरवाज्याच्या सावलीवर लावा; तो सावलीलाही मधला राखाडी धरतो, म्हणून तो सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी (म्हणजे पाव प्रकाश) द्या. आयडी-11 डेव्हलपर, तितक्याच पाण्यात मिसळून (1+1), 20 अंश सेल्सिअसला 400 साठी 13 मिनिटं लागतात. इथे साडेदहा पुरे. दर मिनिटाच्या सुरुवातीच्या 10 सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करायचा, मग टेबलावर हलकेच आपटायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून गोल डाग पडतात. उत्साहाच्या भरात सतत हलवत राहिलात तर दिवे इतके दाट होतात की स्कॅनरचा उजेड त्यातून जात नाही, आणि एवढा खटाटोप पाण्यात.

ट्रायपॉडवर असाल तर आणखी एक गोम आहे: लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते. मीटर 10 सेकंद म्हणाला तर या फिल्मला 20 द्यावे लागतात, 30 म्हणाला तर जवळजवळ दीड मिनिट. हे न केल्यानेही सावल्या जातात. डिजिटलला ही कटकट नाही, हे मान्य.

स्कॅन करताना डिजिटल आइस (स्कॅनरची धूळ पुसण्याची सोय) बंद ठेवा. ते इन्फ्रारेडने धूळ शोधतं. चांदीची प्रतिमा इन्फ्रारेड अडवते, मग त्याला चित्रच धूळ वाटतं आणि बारकावे पुसले जातात. धूळ ब्लोअरने झटका, उरलेली हाताने काढा.

आणि अंधारात चालती माणसं हातात कॅमेरा धरून टिपायची असतील तर डिजिटलच घ्या. फिल्म 1600 ला पुश करता येते (कमी प्रकाश देऊन डेव्हलपिंग वाढवायचं), पण पुशने उजळ भाग आणखी उजळतो. सावलीत जे नोंदलंच गेलं नाही, ते त्यानेही येत नाही.