क्रूझवर आपली वाईन: पंधरा डॉलर कधी द्यावेत आणि कधी वाचवावेत

क्रूझचं बुकिंग झालं की वाईनवाल्या मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "आपली बाटली नेता येते का हो?" खाली वीस उत्तरं, वीसही वेगळी. गंमत म्हणजे त्यातली बरीचशी बरोबर असतात, कारण प्रत्येक कंपनीचा नियम निराळा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डायनिंग रूममध्ये लावलेलं कॉर्केज, म्हणजे बाहेरून आणलेली बाटली तिथं उघडण्याची फी, ही लूट नाही. बाटली उघडून देणं, योग्य ग्लास मांडणं, व्हाईट बर्फात ठेवणं, उरलेली बाटली केबिन नंबर लावून उद्यासाठी जपून ठेवणं, हे सगळं कोणीतरी करत असतं. शिवाय तुम्ही त्यांची बाटली घेतली नाहीत, त्यातला नफाही गेला. त्याचे १५-२० डॉलर लागले तर कुरकुर कशाला? पैसे वाया जातात ते दुसरीकडे. चारशे रुपयांची बाटली सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून समुद्रापार न्यायची आणि तिच्यावर पंधरा डॉलर, म्हणजे साडेतेराशे रुपये भरून ती टेबलावर प्यायची, हा व्यवहार मला कधीच कळला नाही.

आता नियम. रॉयल कॅरिबियन: पिण्याच्या वयात बसणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली, वाईन किंवा शॅम्पेन, फक्त चढण्याच्या दिवशी आणि हातातल्या बॅगेतून. केबिनमध्ये प्यायलात तर शून्य. रेस्टॉरंटात किंवा बारमध्ये उघडलीत तर बाटलीमागे १५ डॉलर. कार्निव्हलचं गणित जवळपास हेच. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका एकेक बाटली आणू देतात आणि त्यापुढच्या प्रत्येक बाटलीला २० डॉलर लावतात. डिस्नी जरा सढळ आहे, माणशी दोन बाटल्या आणि त्याही प्रत्येक बंदरावर, पण टेबलावरचं कॉर्केज २५ डॉलरच्या वर. एमएससी आणि कोस्टा बाहेरची दारू आत घेतच नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावरही तेच, तेव्हा गोव्याच्या फेरीला बाटली पिशवीत घालून निघू नका. दर वर्षा-दोन वर्षांनी वाढतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर पुन्हा एकदा बघून घ्या. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मावसभावाच्या भरवशावर राहू नका.

नॉर्वेजियनचा मामला मात्र वेगळा आहे, आणि तो मला पटत नाही. तिथं वाईन कितीही न्या, पण जहाजावर चढतानाच ७५० मिलीला १५ आणि दीड लिटरच्या मॅग्नमला ३० डॉलर मोजायचे. मग ती बाटली तुम्ही टेबलावर प्या, नाहीतर आपल्या बाल्कनीत आपल्याच हातानं उघडून प्या. जिथं कोणी सेवा दिलीच नाही तिथं सेवेचे पैसे! ही सरळ जकात आहे, नाक्यावर उभं राहून भरायची. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूनं आहे: संख्येला मर्यादा नाही. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल आणि बाटल्या खरोखर चांगल्या असतील, तर इतर कंपन्यांपेक्षा हाच सौदा बरा पडू शकतो. खोक्यातली वाईन मात्र तिथं चालत नाही.

हिशोब एकदा मांडून पाहू. डॉलर नव्वदचा धरा. जहाजाच्या यादीतली साधी बाटली ४० डॉलरची, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी (टीप) आपोआप चढते, म्हणजे ४७ डॉलर २० सेंट, सुमारे ४,२५० रुपये. नाशिकची एखादी रिझर्व्ह शिराझ हजार-बाराशेची घेतलीत आणि १५ डॉलर कॉर्केज भरलं, तर अडीच हजारांच्या आसपास. सतराशे रुपये वाचले आणि वाईनही तुमच्या पसंतीची. तीच केबिनमध्ये उघडलीत तर बाराशेतच काम झालं. म्हणून नेण्याजोगी बाटली माझ्या लेखी एकच: जी जहाजावर मिळणार नाही. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह, अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, असलं काहीतरी. जहाजाच्या यादीत कॅलिफोर्निया, चिली, ऑस्ट्रेलिया भरपूर असतं, नाशिक-सोलापूर सहसा नसतं. आणि मेन डायनिंगमध्ये भारतीय भाजी-करी घेणार असाल तर सोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन न्या. मसाल्यापुढे जहाजावरच्या ओकच्या पिंपात मुरलेल्या शार्दोनेपेक्षा ती कितीतरी बरी उभी राहते.

लेट हार्वेस्टची (उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड वाईनची) ३७५ मिलीची छोटी बाटली नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. मोजणी बाटल्यांची होते, मिलीलिटरची नाही. छोटी नेलीत तरी तुमचा कोटा संपला.

किती पुरते? ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास. जोडप्याच्या दोन बाटल्या म्हणजे दहा. सिंगापूरच्या चार रात्रींच्या क्रूझवर रोज रात्री एकेक ग्लास घेणाऱ्या दोघांना आठ लागतात. असं पिणाऱ्यांनी ड्रिंक्स पॅकेजच्या (आधीच ठरावीक पैसे भरून जहाजावर पेयं घेण्याच्या सोयीच्या) वाटेला जाऊच नये. त्यात रॉयल कॅरिबियनवर मद्याचं पॅकेज घ्यायचं तर केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं, एकट्याला घेऊन भागत नाही. आणि पॅकेज घेतलं म्हणून कॉर्केज माफ होतं, असाही एक समज फिरत असतो. कंपनीला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता खरी गडबड जिथं होते तिकडे येऊ, म्हणजे बाटली मुंबईहून जहाजापर्यंत नेणं. विमानाचा नियम आणि जहाजाचा नियम बरोब्बर उलटे आहेत. विमानात १०० मिलीच्या वरचं द्रव हातातल्या बॅगेत चालत नाही, म्हणून वाईन चेक-इन सुटकेसमध्येच जाते. २४ टक्क्यांच्या आत अल्कोहोल असलेल्या पेयांना चेक-इनमध्ये लिटरची मर्यादा नाही, आणि वाईन १२ ते १४ टक्क्यांची असते, तेव्हा तिथं अडचण फक्त वजनाची. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो, स्पार्कलिंगची काच जाड असल्यामुळे त्याहून जरा जास्तच. जहाजावर मात्र बाटली हातातल्या बॅगेतच हवी. टर्मिनलच्या दारात हमाल सुटकेस घ्यायला उभा असतो, त्याच्या हाती सामान देण्याआधी बाटली काढून पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या. हे राहिलं की सुटकेस एक्स-रेमध्ये अडकते आणि सिक्युरिटीच्या खोलीत जाऊन बसते. मग पहिल्या रात्रीच्या जेवणाला प्रवासातल्याच कपड्यांवर जायचं आणि नंतर सामान सोडवायला खाली चकरा मारायच्या. दोघांच्या दोन बाटल्या असतील तर एकेकाच्या बॅगेत एकेक ठेवा, एकाच सॅकमध्ये दोन दिसल्या की उगाच प्रश्नोत्तरं होतात.

पॅकिंगचं फार अवडंबर नको. बाटली सुटकेसच्या मधोमध, चारही बाजूंनी मऊ कपडे, आणि बाटलीवर एक घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी. बूट आणि चार्जर तिच्यापासून लांब. विमानात दाबामुळे बाटली फुटते, ही भीती काढून टाका. सामानाचा भागही दाबनियंत्रित असतो, आणि स्पार्कलिंगची बाटली तर आतूनच पाच-सहा ॲटमॉस्फिअरचा दाब सहन करायला बनवलेली असते. वाईनचा खरा शत्रू उष्णता. एप्रिल-मे महिन्यात नाशिकहून आणलेली बाटली गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली, की द्रव फुगतं, बूच वर सरकतं, बाजूनं चिकट ओघळ येतो आणि आतल्या वाईनला शिजवलेल्या फळाची चव येते. असा ओघळ दिसला तर ती बाटली घरी ठेवा, रस्सा-बिस्सा करायला वापरा. तिच्यावर पंधरा डॉलर घालू नका.

सिंगापूरहून जाणाऱ्यांसाठी कस्टम्सचं थोडं सांगतो, कारण आपली बहुतेक मंडळी तिथूनच चढतात. सिंगापूरबाहेर ४८ तास किंवा जास्त राहून आलेल्या १८ वर्षांवरील प्रवाशाला दोन लिटर वाईन ड्युटी फ्री आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या दीड लिटर, म्हणजे आरामात बसतात. पण मलेशियातून येणाऱ्याला ही सवलत अजिबात नाही. आपल्याकडच्या टूरमध्ये क्वालालंपूर आधी आणि सिंगापूर नंतर हा क्रम नेहमीचा. तसं असेल तर रेड चॅनलला जाऊन सांगा आणि ड्युटी भरा. ती शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला ८८ सिंगापूर डॉलर असते, म्हणजे १३ टक्क्यांच्या एका बाटलीला साडेआठ डॉलरच्या आसपास, वर ९ टक्के जीएसटी. फार नाही, पण लपवून पकडलं जाण्यात मजा नाही. परतीलाही हाच नियम लागतो: जहाज शेवटी मलेशियातल्या पेनांग किंवा पोर्ट क्लांगहून परतलं असेल तर जहाजावरच्या दुकानातली बाटली सिंगापुरात सवलतीत बसत नाही. पुढं भारतात उतरताना माणशी दोन लिटर चालतात.

सुटकेसमध्ये नेण्याचा वैताग नको असेल तर मुंबईच्या ड्युटी फ्रीतून घ्या आणि सीलबंद पारदर्शक पिशवी पोचेपर्यंत फोडू नका. मध्ये विमान बदलायचं असेल तर ती पिशवी पुन्हा तपासली जाते, आणि सील तुटलेलं दिसलं की बाटली गेली. नाहीतर सरळ सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर घ्या. नाशिकची वाईन तिथं मिळायची नाही, एवढंच.

दोह्याहून चढणाऱ्यांनी तर काहीच नेऊ नये. कतारमध्ये बाहेरून दारू आणायला मनाई आहे.

जहाजावर पोचल्यावर रेड असेल तर बाटली उभी ठेवा आणि जुनी असेल तर दिवसभर हात लावू नका. प्रवासात हललेला गाळ खाली बसायला तेवढा वेळ लागतो. केबिनमधला फ्रिज हा बहुधा नुसता कूलर असतो, त्यात व्हाईट नीट गार होत नाही. केबिन अटेंडंटला बर्फाची बादली मागा, बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घाला, वीस-पंचवीस मिनिटांत ८-१० अंशांवर येते. नुसत्या बर्फात ठेवलीत तर जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. ओपनर आणि ग्लासही त्याच्याकडेच मिळतात. घरचा ओपनर नेणारच असाल तर विमानात चेक-इनमध्ये टाका, त्याला छोटं पातं असतं.

डायनिंग रूममध्ये न्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी हेड वेटरला सांगून ठेवा. बाटली उघडल्यावर पहिला घोट तुम्हीच घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलंय, वाईन गेली. हाच आपली बाटली नेण्यातला मोठा तोटा, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही: जहाजाची बाटली खराब निघाली तर ती परत घेऊन दुसरी देतात, तुमची खराब निघाली तर नुकसान तुमचंच. म्हणून कॉर्केजची स्लिप वाईन चाखल्यावर करा, असं आधीच नम्रपणे सांगावं. बहुतेक ठिकाणी ऐकतात. बाटली उरली तर केबिन नंबरचं लेबल लावून घ्या आणि दुसऱ्या रात्री त्याच बाटलीवर पुन्हा फी लागली नाही ना, हे बिलात बघा. फी बाटलीमागे एकदाच. स्क्रू कॅप असली तरी तेवढीच. जहाजावर विकत घेतलेल्या किंवा कंपनीनंच भेट दिलेल्या बाटलीला कॉर्केज नसतं, चुकून लागलं तर गेस्ट सर्व्हिसेसला सांगून काढून घ्या.

केबिनमध्ये ग्लास भरून हातात घेऊन जेवायला जाणं, हा सगळ्यात जुना उपाय. सहसा कोणी अडवत नाही. माझ्या मते एक ग्लास ठीक, पण चौघांनी चार काठोकाठ ग्लास सांभाळत लिफ्टनं पाच मजले उतरायचं, यापेक्षा पंधरा डॉलर दिलेले परवडले.

बंदरावर उतरून घेतलेली बाटली बऱ्याच कंपन्या गँगवेवरच (जहाजात शिरायच्या वाटेवरच) काढून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरताना परत करतात. ती घरी नेण्यासाठीच, क्रूझवर पिण्यासाठी नाही. याला सुंदर अपवाद युरोपातल्या नदीवरच्या क्रूझचा. वायकिंगवर कॉर्केज नाही. ऱ्हाईनच्या काठी एखाद्या द्राक्षमळ्यात रीस्लिंग चाखली, दोन बाटल्या उचलल्या, रात्री जेवणाच्या टेबलावर तीच उघडली, कोणी हिशोब विचारत नाही. वाईनसाठीच क्रूझ करायची असेल तर समुद्र सोडा, नदी धरा.

आणि पाण्याच्या बाटलीत व्होडका, माउथवॉशच्या बाटलीत रम नेणाऱ्यांना एवढंच: सिक्युरिटीवाले हे रोज बघतात. सापडलेली ओतून टाकतात, भरपाई मिळत नाही, आणि प्रकार वाढला तर जहाजावर चढूही देत नाहीत.

बाल्कनीत स्पार्कलिंग उघडताना बूच अंगठ्याखाली दाबून धरा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. बूच उडवून समुद्रात टाकायचा हट्ट नको. जहाजावरून काहीही पाण्यात टाकायला बंदी आहे, आणि कॅमेरे बाल्कन्यांच्या बाहेरच्या बाजूलाही असतात.