पिन बसली म्हणजे उपकरण चालेल, असे नाही

‘परदेशात घेतलेले विजेचे उपकरण कोणत्याही देशात चालते, पिन बदलणारा अ‍ॅडाप्टर तेवढा लागतो, व्होल्टेज वेगळे असेल तर छोटा कन्व्हर्टर पुरतो, आणि हर्ट्झकडे (विजेच्या लहरीच्या दर सेकंदाच्या आवर्तनांकडे) पाहायचे कारण नाही’ हा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. मोबाइल आणि लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरांवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते आणि तेवढ्यापुरता तो खराही आहे. पण तोच नियम घरातल्या सगळ्या उपकरणांना लावणे धोक्याचे आहे.

अ‍ॅडाप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेच्या दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, तो हातही लावत नाही. घरगुती वीज अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट, तर भारतात आणि युरोपात २३० व्होल्ट असते. तापणाऱ्या उपकरणांत हा फरक सर्वांत महागात पडतो, कारण तारेचा रोध जवळपास तोच राहतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टसाठी बनवलेला १२०० वॅटचा हेअर ड्रायर २३० व्होल्टवर लावला, तर दाब दुपटीहूनही कमी वाढलेला असताना तो सुमारे ४४०० वॅट खेचू लागतो. तार जळते, प्लास्टिक वितळते आणि आगही लागू शकते. उलट दिशेने, २३० व्होल्टची २००० वॅटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम ५४४ वॅट देते, म्हणजे पाणी उकळायला जवळपास चौपट वेळ लागतो. किटलीचे यात नुकसान नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची मोटर मात्र अपुऱ्या दाबावर सुरूच होत नाही आणि अडकून राहिली तर तिचे वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) तापते.

छोट्या कन्व्हर्टरबद्दलचा दावा तर अर्धवटच आहे. हलके, स्वस्त कन्व्हर्टर बहुधा विजेच्या लहरीचा काही भाग कापून दाब कमी करतात. ते थोडा वेळ चालणाऱ्या तापक उपकरणांसाठी असतात, इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी नव्हे. खरा ट्रान्सफॉर्मर हे काम नीट करतो, पण त्याची क्षमता उपकरणाच्या वॅटपेक्षा जास्त हवी, आणि दीड हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलो वजनाचा असतो.

ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ मात्र बदलू शकत नाही. दक्षिण कोरियात २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तर जर्मनीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. दोन्हीकडची पिन एकच, दाबही जवळपास सारखा, म्हणून इथेच फसगत होते. विजेच्या हर्ट्झवर चालणारे ६० हर्ट्झचे घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटे मागे पडते. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या मायक्रोवेव्हमध्ये त्याचा लोखंडी गाभा ५० हर्ट्झवर संपृक्त होऊन, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठून, तापतो.

‘सुरू झाले म्हणजे सुरक्षित आहे’ हा निष्कर्षही मान्य करता येत नाही. दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर अर्थिंग तोडतो, पण धातूचे आवरण असलेले उपकरण तरीही नेहमीसारखे चालत राहते. आत तार सुटून आवरणाला लागली, की त्याला स्पर्श करणाऱ्याला झटका बसतो. ब्रिटिश प्लगमध्ये दोरीच्या, म्हणजे उपकरणाच्या वायरीच्या, रक्षणासाठी स्वतंत्र फ्यूज असतो. दुसऱ्या देशाचे उपकरण फ्यूज नसलेल्या अ‍ॅडाप्टरने ब्रिटिश सॉकेटला जोडले, तर त्याच्या बारीक दोरीला तो फ्यूज मिळत नाही, आणि भिंतीमागच्या परिपथाचा ३२ अँपिअरचा ब्रेकर ती दोरी तापेपर्यंत स्वस्थ राहू शकतो.