लाल दिवा आणि सुतळी

श्रावणातल्या एका सकाळी साताऱ्यातील आमच्या घरचे इंटरनेट गेले. मोबाईलवर वायफायच्या रेघा मात्र पूर्ण दिसत होत्या, त्यामुळे बिघाड यूट्यूबमध्येच आहे असे सौभाग्यवतींनी जाहीर केले. वायफाय म्हणजे घरातला नळ आणि इंटरनेट म्हणजे कास तलावाचे पाणी. नळ चकचकीत असला म्हणून पाणी येतेच असे नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या दिवसात माझे बरोबर आलेले एवढेच.

इंटरनेटच्या डब्यावरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत होता. काचेच्या तारेतून येणारा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही, असे स्वच्छ निदान तो बिचारा सकाळपासून करत होता; तरीही शेजारच्या नानांच्या सल्ल्यावरून मी डबा सात वेळा बंद-चालू केला, दर वेळी देव्हाऱ्यापुढे उभे राहावे तसा त्याच्यापुढे उभा राहिलो, आणि शेवटी चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर सांगितले म्हणून १९२.१६८.१.१ हा डब्याच्या सेटिंगचा पत्ता उघडून वायफायचा पासवर्डही बदलून टाकला. त्यामुळे घरातल्या बाकीच्या मोबाईलवरच्या रेघाही गेल्या.

तक्रार नोंदवून घेणाऱ्या मुलीने डबा बंद-चालू करून पाहिला का, असे विचारले. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “अजून एकदा करा, सर.”

तिसऱ्या दिवशी, यवतेश्वरचा घाट पायी उतरून आल्यासारखा चिंब भिजलेला एक मुलगा आला. त्याने डब्यातून वायरचे हिरवे टोक उपसून हातातल्या प्रकाश मोजायच्या मीटरमध्ये खोचले. आकडा आला उणे ३१. “उणे २७ च्या खाली गेलं की डबा आंधळा होतो, काका,” असे म्हणून तो पिवळ्या वायरवरून बोट फिरवत कपाटामागे शिरला. तिथे त्या लोंबणाऱ्या वायरची चौपदरी घडी घालून कुणीतरी ती सुतळीने करकचून आवळली होती. आतली काच केसाएवढी; ती इतकी मुडपली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो, हे त्याने मला ब्लेडने सुतळी कापता कापता सांगितले. मीटर उणे १९ वर आले, दिवा हिरवा झाला.

“कुणी बांधली हो ही?”

“अजिंक्यताऱ्यावरून वानरं फार उतरतात अलीकडे,” मी म्हणालो.

त्याने सुतळीचा तुकडा उजेडात धरून पाहिला. “गाठ मात्र पक्की मारतात.”