बिचिरच्या 'रागाचा तक्ता' आणि काठोकाठ भरलेला टँक

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, मी काच घट्ट बसवली आहे, बरोबर केले ना?" बिचिर म्हणजे आफ्रिकेतला, तळाशी वावरणारा लांबट मासा, आणि 'कोणता बिचिर किती रागीट' असा तो तक्ता मासे पाळणाऱ्यांच्या गटांतून बरेच दिवस फिरतो आहे. त्यात बिचिरच्या जातींपैकी सेनेगल 'गरीब गाय', डेल्हेझी 'मध्यम', ऑर्नेट 'तापट' आणि एन्डलिचेरी 'खुनी' ठरला असून पांढरा बिचिर ही सर्वांत शांत अशी निराळी जात असल्याचे सांगितले आहे. शेवटी उपायही आहे: मासा उसळून काचेला धडका देत असेल तर तो चिडलेला समजावा, टँक काठोकाठ भरावा, वर काच दाबून बसवावी, म्हणजे दोन दिवसांत तो निवळतो.

बाकीच्या चुकांपायी फार तर पैसे वाया जातील. या उपायापायी मासा मरू शकतो, म्हणून आधी तोच घेतो. बिचिरला कल्ल्यांबरोबर फुफ्फुसांची जोडीही असते आणि हवा घ्यायला तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो. २०१४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले की हा मासा हवेच्या श्वासांपैकी ९३ टक्क्यांपर्यंत श्वास डोक्याच्या माथ्यावरील, डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून घेतो. तोंड न उघडता नुसता माथा पाण्याबाहेर काढून तो क्षणात तळाशी परततो, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात श्वास दिसत नाही, फक्त झेप दिसते. पाणी काचेला टेकलेले असेल तर तो माथा काचेवरच आपटणार, आणि त्या आपटण्याला राग म्हणून हवेची वाट आणखी बंद करायची, असा हा उपाय आहे! त्यातून आपल्या बडोद्याचा मे महिना. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाच्या वरच्या फेऱ्या वाढतात. तक्त्याच्या हिशेबाने मग उन्हाळ्यात सगळेच बिचिर तापट झाले म्हणायचे.

भाच्याला फोनवर चार बोटे पाणी काढायला लावले. पाणी खाली जाताच मासा वर आला, माथा बाहेर काढून परत फिरला आणि त्याच्या कल्ल्याच्या कडेने बुडबुड्यांची एक माळ सुटली, असे त्याने स्वतःच सांगितले. गंमत अशी की तो मासा साधा राखाडी सेनेगल, म्हणजे तक्त्यातली 'गरीब गाय'. पण धडका देतो म्हणून दुकानदाराने आपल्याला ऑर्नेट दिला असावा, असा याचा समज झाला होता. ऑर्नेटच्या अंगावर काळ्या-पिवळ्या जाळीची नक्षी असते, एवढे एकदा पाहिले असते तरी पुरे होते.

काच हवी, हे मात्र मान्य करायला हवे. बिचिर आणि त्याचा भाऊबंद रोपफिश फिल्टरच्या पाइपासाठी ठेवलेल्या फटीतूनही निसटतात आणि सकाळी फरशीवर सापडतात. म्हणून काच घट्टच बसवावी, फक्त तिच्याखाली हवेला जागा सोडावी.

स्वभावाच्या क्रमवारीतही अर्धे खरे आहे. एन्डलिचेरी ७५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, ऑर्नेट ६०च्या घरात जातो, तर घरातला सेनेगल बहुधा ३०च्या आसपास थांबतो. अर्थात मोठ्या तोंडात मोठा मासा मावतो, पण तोंडात मावेल ते गिळण्याची रीत सर्वांची एकच आहे. भाच्याच्या 'गरीब गाये'ने सहा निऑन टेट्रांपैकी (बोटाएवढ्या चमकत्या माशांपैकी) चार एका रात्रीत संपवले. माझ्याकडे डेल्हेझी आणि सेनेगल एकत्र आहेत. कोळंबीचा तुकडा तळाशी पडला की दोघेही नाकाच्या नळ्या पुढे करून येतात, कारण नजर अधू आणि वासावर भिस्त. कित्येकदा तुकडा तोंडासमोर असताना एकजण दुसऱ्याच्या पंखालाच चावा घेतो आणि लगेच सोडूनही देतो. याला भांडण म्हणणाऱ्याने दिवे मालवल्यावर चिमट्याने दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत खाऊ घालून पाहावे. माझ्याकडे तेव्हापासून चावे जवळजवळ थांबले आहेत.

पुढे आलेला खालचा जबडा ही रागाची खूण, असेही तक्ता म्हणतो. जबड्याचा फरक खरा आहे, एन्डलिचेरीचा खालचा जबडा पुढे असतो. पण तक्त्यानेच 'तापट' ठरवलेल्या ऑर्नेटचा वरचा जबडा पुढे असतो, त्याचे काय?

राहिला पांढरा बिचिर. दुकानात त्या नावाने मिळतो तो बहुधा रंगहीन सेनेगलच असतो, आणि उरलेले दोन निऑन अशा 'शांत' माशाच्या स्वाधीन करण्याचा भाच्याचा विचार होता. ते दोन्ही मी काल माझ्याकडे घेऊन आलो.