टेबल उंच केलं, मग खुर्चीचं काय?

माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, बाणेरच्या नव्या ऑफिसात ४२ इंच उंचीची टेबलं करून घेतली, उभं राहून काम करायची, आणि सोबत बार स्टूल ठेवले. स्टाफमधल्या दोन मुलींनी पाठ असलेल्या खुर्च्या मागितल्या, झालं, फॅमिली ग्रुपवर तोच विषय. उभं राहायचं टेबल आहे तर खुर्ची कशाला, आजकालच्या पोरांना सगळं आयतं लागतं, आणि मग ते ठरलेलं, आजी दिवसभर मांडी घालून बसायची, तिची कधी पाठ दुखली का. वाचून खरंच संताप आला.

अरे, आजी जमिनीवर बसायची! सगळा भार जमिनीवर, आणि एका जागी ती बसायचीच कुठे, कधी कुकर, कधी दार. बार स्टूलवर पाठीला टेकू नाही, पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते आणि थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात. खाली दांडा असतो पण तो एकाच उंचीवर, पाच फुटी मुलीचा पाय तिथे पोचत नाही आणि सहा फुटी मुलाला गुडघे कुठे ठेवावेत कळत नाही.

साधी ऑफिस चेअर इथे चालत नाही, ती वीस-एकवीस इंचापर्यंतच चढते. ४२ इंची टेबलाला सीट साधारण ३० ते ३२ इंचांवर हवी. त्यासाठी ड्राफ्टिंग चेअर मिळते, आर्किटेक्ट लोकांकडे पूर्वीपासून असते, लांब गॅस लिफ्ट म्हणजे सीट वरखाली करणारा दांडा, कमरेला आधार आणि पाय ठेवायला वरखाली होणारी रिंग. रिंग नसेल तर घेऊच नका. बेस पाच पायांचा हवा, आणि चाकं मोकळी नकोत, एवढ्या उंचीवर चढताना खुर्ची सटकली तर माणूस आपटतो.

इकडे ओस्लोत मला यासाठी कुणाशी भांडावं लागलं नाही. वेर्नेओम्बुड, म्हणजे ऑफिसातली सुरक्षा प्रतिनिधी, आली, टेबल वरखाली करून बघितलं, कापिस्को नावाची खुर्ची हवी का विचारलं आणि खुर्ची आली. पीटर ऑप्सविक या नॉर्वेच्या डिझायनरने ती घोडेस्वाराच्या बैठकीवरून केली, १९८४ पासून बाजारात आहे, सीट खोगिरासारखी, अर्धं उभं अर्धं बसलेलं राहता येतं, उलटं बसलं तरी चालतं. फिन या खरेदी-विक्रीच्या साइटवर सेकंडहँड हव्या तितक्या मिळतात.

हे लिहिलं तर दादाचं उत्तर, तुमचं नॉर्वे तुमच्यापाशी, इथे परवडत नाही. बरं, नॉर्वे राहू दे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात उभं राहणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायदा केला. त्याहून जुनं सांगते, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ४४ वं कलम हेच होतं, उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय. आपल्याच देशातलं आहे हे, मी इथून नेलेलं नाही.

माझे बाबा लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात आयुष्यभर उभे होते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची परवानगी नव्हती, पायाच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या, रात्री आई तेल लावायची. त्यावर कुणी कधी चर्चा केली नाही, आणि मुलींनी खुर्ची मागितली की लगेच आजीची मांडी आठवते.

शेवटी दादाने लिहिलं, तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस. ते लागलं. इथे लंचला सगळे मातपाक्के, म्हणजे घरून आणलेले डबे, उघडून गप्पा मारतात, मी हसते, अर्धं कळत नाही, आणि इतक्या वर्षांत माझं मत कुणी आपणहून विचारलंय असं फारसं आठवत नाही. मत द्यावंसं वाटतं ते त्याच ग्रुपवर. तिथेही मी बाहेरची ठरले तर बोलायचं कुठे?

तरी बोलणार. दादा, त्या मुलींना खुर्चीवर बसवून बघ आणि मगच ऑर्डर दे, दोघींची उंची वेगळी आहे. आणि बार स्टूल ठेवायचेच असतील तर पाच मिनिटं टेकायला ठेव, आठ तासांच्या कामाला नको.